कागदावरचा हलाल

ग्राझ, ३ फेब्रुवारी २०१३

माझी नेना,

सलाम. तुझी तब्येत बरी असेल, गाय बरी असेल. रझियाबाईंनाही सलाम, हे पत्र त्याच तुला वाचून दाखवतील म्हणून.

फोनवर बोलायचं नाही असं आमचं ठरलंय, म्हणून लिहितोय. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी लांब निघालोय. तुर्कस्तानात, सरहद्दीवरच्या छावण्यांत. सीरियातून पळून आलेली माणसं तिथे तंबूंत राहतात. पीठ, औषधं, पांघरुणं वाटायला माणसं हवी आहेत. आम्ही सहाजण जातोय. फरश्या बसवायचं काम सोडतो म्हणून मालकाला सांगून झालंय. परत कधी, ते आत्ता सांगता येत नाही.

एकच मागणं आहे. आईबाबा गेले तेव्हा मी इतका लहान होतो की ते मला आठवतही नाहीत, आजी असून वाढवलंस तू. तुला मी किती छळलंय ते मला ठाऊक आहे. तेव्हा मनात काही ठेवू नकोस, मला हलाल कर. माझं जे चुकलं, तुझं जे माझ्याकडे राहिलं, ते सगळं सोडलं म्हण. आणि ते कागदावर लिहवून घेऊन खाली अंगठा दे. आमचे शेख म्हणतात, अशा गोष्टी लेखी असलेल्या बऱ्या.

मशिदीत नमाज पढवणाऱ्या एफेंदींना यातलं काही सांगू नकोस.

तुझा नेजाद


ब्रेस्तोविक, १४ फेब्रुवारी

नेजाद, सोन्या,

तुलाही सलाम. गाय बरी आहे. मी गाईच्या खालोखाल. रझियाला सलाम पोचला. ती समोर बसून चष्मा पुसते आहे. चाळीस वर्षं शाळेत पोरांची शुद्धलेखनं तपासली, आता माझी लेखणी झाली आहे, आणि मध्येमध्ये मलाही तपासते. मी तिला सांगितलंय, बोलते तसंच लिही.

तुझं पत्र तिने तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला पीठ ऐकू आलं, दुसऱ्यांदा औषधं. तिसऱ्यांदा हलाल ऐकू आला. बाळा, पिठाची पोती उतरवायला निघालेला माणूस आजीकडे हलाल मागत नाही, फार तर लोकरीचे मोजे मागतो. हलाल आपल्यात तीन वेळेला मागतात: हज्जला निघताना, मरणाच्या अंथरुणावर, नाहीतर बंदूक घेऊन निघताना. हज्जला अजून आठ महिने आहेत. अंथरूण तर तू धरलेलं नाहीस. नुसती सर्दी असती तरी पानभर लिहिली असतीस, शिंकेचंसुद्धा कौतुक करून घेणारं पोर तू.

आणि पीठ वाटायचं ते एफेंदींपासून का लपवायचं? त्या छावण्यांसाठी तेच दर शुक्रवारी सामान गोळा करतात. मी दोन गोधड्या दिल्या. त्यातली एक तुझी होती, आता मागू नकोस.

तेव्हा खरं लिही. खोटं लिहिलंस तर रझियाला दुप्पट काम: एकदा ते वाचायचं आणि मग मला कळलंय हे लिहायचं. आणि हा शेख कोण, कुणाचा, कुठला, तेही लिही. माणसाला गाव असतं.

आलुबुखारची झाडं छाटायची राहिली आहेत. सहज सांगितलं.

तुझी नेना शेम्सा


ग्राझ, २६ फेब्रुवारी

नेना,

तुझ्याशी खोटं बोलायला नको होतं. सरहद्द ओलांडायची आहे. लढायला जायचं आहे.

रागावण्याआधी ऐक. तिथे विमानातून बायकापोरांवर बॉम्ब टाकतात, आणि जग बघत बसलंय. आपल्या वेळी बसलं होतं तसंच. त्र्याण्णव साली आपल्या डोंगरात लढाई पेटली तेव्हा परमुलखातून माणसं आली. तुझ्यासाठी आली, माझ्यासाठी आली, दोन वर्षांच्या पोरासाठी. त्यांना कुणी बोलावलं होतं? त्यांनी कुणाकुणाची परवानगी काढली होती? तू त्यांना बुरेक करून घालायचीस, हे तूच मला सांगितलंयस. मग तेव्हा ते आले ते बरोबर, आणि आज मी निघालो तर चूक, हे कसं? बाबा शहीद झाले. शहिदाच्या पोराने लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवत आयुष्य काढायचं?

शेख म्हणतात, आता हे नमाजासारखं प्रत्येकावर फर्ज झालंय, आणि नमाज पढायला कुणी आईची परवानगी मागत नाही. मागायचीच तर ती आईबापांची. आजीचा त्यात हक्क नाही. ते आपल्याकडचेच आहेत, लिपोवाचचे. इथे एका तळघरात आम्ही नमाजाला जमतो, तिथे ते शिकवतात; त्यांना अबू सुहैल म्हणतात, मूळचं नाव मिर्साद. अरबस्तानात चार वर्षं शिकून आलेत. एफेंदींनी काय वाचलंय? माणूस मेला की बायका जमवायच्या, मण्यांची माळ फिरवायची, वर हलवा खायचा, आणि त्याला तेवहिद म्हणायचं. धर्मात हे कुठेच नाही. बाबांच्या नावाचा तेवहिद तूही आता बंद कर.

शेखांच्या मते मला तुझी परवानगी नको. मला मात्र हवी आहे. ३० मार्चला निघायचं आहे.

नेजाद


ब्रेस्तोविक, ९ मार्च

नेजाद,

आता कसं खरं बोललास. रझिया रडली. मी रडले नाही, दूध काढायची वेळ झाली होती.

तू विचारलंस, त्यांना कुणी बोलावलं होतं. सरळ उत्तर देते: मी. त्या उन्हाळ्यात मी रोज पाचही वेळा हात पसरून म्हणत होते, कुणाला तरी पाठव रे बाबा. समोरच्या डोंगरावरून आपल्या छपरांवर तोफगोळे पडत होते, घरात पीठ नव्हतं, आणि तू रात्रंदिवस रडत होतास. मग ते आले, आणि मला आनंद झाला. हे नाकारलं तर मी खोटी पडेन, आणि या घरात खोटं बोलायचा मक्ता सध्या तुझ्याकडे आहे.

आता तुला कधी न सांगितलेलं ऐक.

तुझा बाप हासिब त्यांच्यातला नव्हता. तो आपल्या फौजेत होता. वर अधिकारी होता, त्याच्या वर आणखी कुणी होतं; उद्या उठून, ही गोळी का झाडलीस, असं विचारणारं कुणीतरी होतं. आणि लढाईला तो गेला म्हणजे कुठे, तर समोरच्या खिंडीत, आठ किलोमीटर, चालत. बूट घालून उंबऱ्यात उभा राहिला, हलाल मागितला. मी दिला. दिला, कारण तो अडवायला चालला होता ते माझ्याच दारावर येत होतं. असा हलाल देणं काय असतं ते मला नवीन नाही, म्हणून तू मला ते शिकवू नकोस.

तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तेवहिद होता. आम्ही चोवीस बायका गोल करून बसलो होतो, मध्ये ती हजार मण्यांची माळ, हातांतून सरकत चाललेली. तेवढ्यात त्या परक्यांचा म्होरक्या पायात बूट तसेच ठेवून आत आला, बरोबर दुभाषा. म्हणाला, हे धर्मात नाही, उठा. तुझंच वाक्य, बाळा, शब्दाला शब्द. आणि त्याने सुरी काढून माळ कापली. माझा पोरगा जाऊन चाळीस दिवस झाले होते, आणि आम्ही बायका गुडघ्यांवर रांगत कोचाखालून मणी वेचत होतो, आणि तो वर उभा राहून आम्हाला मुसलमान व्हायला शिकवत होता. मी दुभाष्याला म्हटलं, याला नीट विचार: "या घरातला पोरगा खिंडीत पडला तेव्हा तू कुठे होतास?" दुभाष्याने काय सांगितलं कोण जाणे. म्होरक्या आपल्या बुटांकडे बघत राहिला आणि निघून गेला.

म्हणजे तू जो वाद घालतोस तो नवा नाही. वीस वर्षांपूर्वी तो माझ्याच कोचाखाली झालेला आहे. एफेंदी तेव्हाही जाहीर बोलले होते, तेही त्या परक्यांच्या बंदुकांसमोर. म्हणाले, दारावर चालून आलेल्याला अडवणं सगळ्यांवर आहे. पण कुणीही उठावं, झेंडा उभारावा, चार पोरं गोळा करावीत आणि आपल्यासारखा जो पढत नाही त्याला मुसलमानांतून काढून टाकावं, ही धर्माची लढाई नव्हे. तो अधिकार त्याला दिला कुणी? एफेंदींचं मला सगळंच पटतं असं नाही. शुक्रवारच्या प्रवचनात लोकांच्या आधी ते स्वतः पेंगतात. पण हे पटलं, कारण मणी मी वेचले होते.

आता त्यांच्यातल्या एका चांगल्याचंही सांगते, नाहीतर म्हणशील म्हातारी एकच बाजू सांगते. याझिद नावाचा पोरगा होता, अल्जेरियाचा, एकोणीस वर्षांचा. त्या दिवशी तो दाराबाहेरच थांबला. दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट्याने माझी लाकडं फोडून गेला. मग येत राहिला. बुरेक खायचा, मला यम्मा म्हणायचा, त्यांच्यात आईला तसं म्हणतात. मोडकीतोडकी आपली भाषा शिकला आणि त्या भाषेत मला पहिलं काय सांगितलं, तर आईला वाटतंय मी फ्रान्सात द्राक्षं तोडतोय. ऑक्टोबरात मेला. वरच्या कबरस्तानात आहे, गवत मी कापते. वीस वर्षं ती बाई द्राक्षं संपायची वाट बघते आहे. मला लिहिता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते तिचा पत्ता घेऊन निघून गेले. तो पोरगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. तुझ्यासारखाच होता. म्हणून तर सांगितलं.

आणि आजीचा हक्क नाही म्हणे. नसेना. मग मला विचारतोस कशाला? तुझ्या शेखाला माहीत नाही असं काहीतरी तुला माहीत आहे, म्हणून विचारतोस.

हलाल टपालाने जात नाही, नेजाद. मागणारा उंबऱ्यात येऊन उभा राहतो आणि देणारा त्याच्या तोंडाकडे बघून देतो नाहीतर देत नाही. ये आणि माग.

नेना

हे चार शब्द मी माझ्या मनाने लिहिते आहे, त्यांना न सांगता. तुझं पहिलं पत्र शेम्साबाईंनी मला अकरा वेळा वाचायला लावलं. आता ते त्यांना पाठ आहे. दूध काढताना गाईला म्हणून दाखवतात, सलामापासून सहीपर्यंत. — रझिया


ग्राझ, १७ मार्च

नेना,

मी येऊ शकत नाही. शेख म्हणतात, निघायच्या आधी जे घरी गेले ते परत आलेच नाहीत. सैतान माणसाच्या लाडक्या माणसाच्या तोंडून बोलतो.

याझिदचं मी दोनदा वाचलं. तो शहीद झाला असेल तर त्याच्या आईचं वाट बघणंही वाया गेलेलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, तरी लिहितो.

तारीख तीच आहे. तू हलाल केलास तरी आणि नाही केलास तरी. हे शेवटचं पत्र समज.

नेजाद


ब्रेस्तोविक, २१ मार्च

नेजाद,

हे पत्र टपालाने नाही. ग्राझच्या बसचा ड्रायव्हर ते तुझ्या हातात देईल आणि तू ते वाचेपर्यंत हलणार नाही. तसं मी त्याला बजावलंय. त्याच्या आजीला मी ओळखते.

सैतानाचा निरोप मिळाला. आता सैतान काल कुठे गेला होता ते ऐक.

तू लिहिलंस, शेख लिपोवाचचे, मूळचं नाव मिर्साद. रझिया म्हणाली, लिपोवाचला मी दोन वर्षं शिकवलंय, हा मिर्साद मला आठवतो, दुसऱ्याला फळ्याकडे ढकलून स्वतः बाकावर बसायचा. मी म्हटलं, मग त्याची आई असेल. आई होती. झुम्रा तिचं नाव, बाजारात चीज विकते. दोन बस बदलून आम्ही म्हाताऱ्या गेलो. तिने कॉफी ठेवली. आधी हवेचं बोललो, मग गुडघ्यांचं, मग मी विचारलं, तुमचा मुलगा निघतोय ना, हलाल केलात का?

तिला काही कळेना. कुठे निघतोय म्हणाली. तो ग्राझमध्ये पोरांना अरबी शिकवतो, एवढंच तिला माहीत. कंबर धरते त्याची, लांबच्या प्रवासाला बसवतच नाही. आणि उठून मला घरामागे नेलं. तिथे त्याचं नवं घर उभं राहतंय, दोन मजली, छप्पर पडलंय. मेमध्ये तो येणार आहे, स्वयंपाकघर करून घ्यायला. वर मलाच म्हणाली, ओळखीत फरश्या बसवणारा कुणी चांगला असेल तर सांगा.

मी म्हटलं, एक आहे, पण त्याला तुमच्या मुलाने मरायला लावलंय.

मग सगळं सांगितलं. बिचारीने टेबल पुसायला घेतलं आणि पुसलेलंच पुसत राहिली. शेवटी एवढंच विचारलं, "माझा हलाल नको म्हणून त्याने मला सांगितलं नाही, की मी देणार नाही म्हणून?" तूच त्याला विचार.

आता नीट ऐक. मी तुला जाऊ नकोस म्हणत नाही. तू बावीस वर्षांचा घोडा झालास, तुला काय मी खुंटीला बांधणार? मी एक काम सांगते. त्या तळघरात, पाचही जणांसमोर, उठून विचार: शेख, तुमच्या आईने तुम्हाला हलाल केला का? आणि मे महिन्यात तुमच्या स्वयंपाकघरात फरश्या कुणी बसवायच्या? त्याचं उत्तर ऐक. ते पटलं तर खुशाल जा.

नाही विचारलंस तर मी विचारेन. गुरुवारच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. शुक्रवारी सकाळी मी आणि रझिया तुमच्या तळघरात पुरुषांच्या पहिल्या रांगेत बसू. बायकांनी तिथे बसणं धर्मात नाही, ते ठाऊक आहे. त्याने येऊन आम्हाला उठवावं. या वेळी माझ्याजवळ माळ नसेल, काठी असेल.

नेना


ग्राझ, २६ मार्च

नेना,

ड्रायव्हर खरंच हलला नाही. बस अर्धा तास उशिरा सुटली. हे पत्रही त्याच्याच हाती पाठवतोय.

मी विचारलं. रविवारी, सगळ्यांसमोर. फरश्यांचंसुद्धा विचारलं.

शेख आधी हसले. म्हणाले, जो दुसऱ्याला लढायला सज्ज करतो त्याला लढणाऱ्याइतकंच पुण्य. हे वचन खरं आहे, मीही ते वाचलंय. मग मी पुन्हा म्हटलं, पण तुमच्या आईला सांगितलंत का? तेव्हा ते उठले आणि ओरडले, "माझ्या आईकडे कोण गेलं?" सीरियाचं नाही बोलले, फर्जाचं नाही, पुण्याचं नाही. आणि ओरडले ते लिपोवाचच्या बोलीत. एरवी ते बोलतात तेव्हा दर तीन शब्दांत एक अरबी असतो. त्या ओरडण्यात एकही नव्हता. पाचांतल्या तिघांनी माना खाली घातल्या. दोघे माझ्याकडे असे बघत होते की मी कुणाला तरी विकून आलोय.

मी त्यांच्याबरोबर जात नाहीये.

पण तू जिंकलीस असं समजू नकोस. तिथली माणसं मरतायत ते मरतायतच, आणि त्यांच्यासाठी काही करायला हवं हे मी सोडलेलं नाही. तेवहिदबद्दलही माझं मत तेच आहे. एफेंदींशी मला समोरासमोर बोलायचं आहे.

तुम्ही दोघी येऊ नका. तिकिटं परत करा. गुरुवारी मीच बसमध्ये बसतोय.

नेजाद


ब्रेस्तोविक, १२ एप्रिल

नेजाद, सोन्या,

पोचल्याचं कळलं. मालकाने परत ठेवून घेतलं, हेही कळलं. बरं झालं.

घर तू होतास त्या दहा दिवसांत जेवढं गाजलं तेवढं लग्नातही गाजलं नव्हतं. एफेंदी तीन दिवस लागोपाठ आले आणि एकदाही पेंगले नाहीत. परवा मशिदीत म्हणत होते, पोरगा कच्चा आहे पण वाचलेला आहे, मलाही पुस्तकं पुन्हा काढावी लागली. तुम्ही दोघे शेवटपर्यंत एकमेकांना पटला नाहीत. घरावर आलेल्याला अडवावं, एवढ्यावर दोघांचं जमलं. शेजाऱ्याचं घर जळत असेल तर काय, तिथे अडलात. ते म्हणाले, पाणी घेऊन जा. तू म्हणालास, पाण्याने विझत नसेल तर? मी दाराआडून ऐकत होते. त्याचं उत्तर मलाही येत नाही. पण एवढं कळतं की आग विझवायला निघालेला माणूस आधी आपल्याच गल्लीतल्या बायकांच्या माळा कापत नाही. तेवहिदला तू बसला नाहीस, बाहेर झाडं छाटत राहिलास. असू दे. झाडं चांगली छाटलीस.

तुमच्या तळघरातले ते दोघे ३० तारखेला गेलेच, हे तू सांगितलंस तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. त्यांच्या आयांकडे कुणी गेलं नव्हतं. राहिलेल्या तिघांच्या आयांची गावं तू लिहून ठेवून गेलास, ती रझियाने वाचली. उद्या पहिलीकडे जातोय, सोमवारी दुसरीकडे. झुम्राही येते म्हणाली. चीज तिचं, जीभ माझी.

आता कामाचं. जाताना फाटकात तू पिशवी खाली ठेवून हलाल मागितलास. मी विचारलं कुठे निघालास, तू म्हणालास, "कामावर." मी तोंडाकडे बघितलं आणि दिला. पण तुला कागद आवडतो, म्हणून रझियाकडून लिहवून घेते आहे.

मी शेम्सा, हासिबची आई, नेजादला वाढवणारी, लिहून देते की त्याने या घरात जे खाल्लं, फोडलं, लपवलं, आणि पहिल्या पत्रात जे खोटं लिहिलं, ते सगळं मी सोडलं. हा हलाल ग्राझपर्यंतचा आहे. पोराने ग्राझच्या पुढे लढाईच्या वाटेने एक पाऊल जरी टाकलं, तर हा कागद रद्द, आणि मी स्वतः जाऊन त्याला परत आणेन.

हे तू नुसतं धमकावणं समजू नकोस म्हणून एक कबुली देते. मार्चमध्ये मी तुला लिहिलं की गुरुवारच्या बसने येते, तेव्हा माझ्याकडे पासपोर्टच नव्हता. सरहद्दीवर मला उतरवलं असतं. तिकिटंही काढलेली नव्हती. थाप होती ती, रझिया लिहायला तयार नव्हती.

पासपोर्ट परवा आला. दहा वर्षं चालतो म्हणे.

अंगठा शेम्साचा